'पिक अप'ला मराठीत नेमके काय म्हणावे?

बालाघाटची शिक्षिका

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले आणि मुलांना त्याचे मराठी करायला सांगितले. वाक्य असे होते: 'द बिझनेस पिक्ड अप आफ्टर दिवाळी.' वर्गातील एका चांगल्या अभ्यासू मुलाने 'दिवाळीनंतर धंदा उचलला' असे लिहिले. मी त्यावर चुकीची खूण केली, पण वही परत देताना माझ्या लक्षात आले की हे नुसते चूक नाही, हे नेमके उलटे झाले आहे. आपल्याकडे 'दुकान उचलले', 'बिऱ्हाड उचलले' म्हणजे ते गुंडाळून दुसरीकडे नेले. इंग्रजी वाक्य धंदा वाढल्याचे सांगते आणि मुलाचे मराठी वाक्य तो बंद पडल्याचे सांगते, आणि तरीही त्याने 'पिक अप' म्हणजे उचलणे हा मीच शिकवलेला अर्थ प्रामाणिकपणे वापरला होता.

शब्दकोशात 'पिक अप'चे डझनभराहून अधिक अर्थ आहेत. ते सगळे यादी करून पाठ करून घ्यावेत, की काही वेगळी वाट आहे? मला असे वाटू लागले आहे की आपल्या 'उचलणे' या क्रियापदापासूनच सुरुवात केली, तर अर्धे काम आपोआप होईल. पण उरलेल्या अर्ध्यात असे घात होतात. जाणकारांनी अनुभव सांगावेत.

गोदाकाठ

ताई, तुमचे म्हणणे मला पटते, कारण उचलण्याचे जुळणारे अर्थ खरोखरच पुष्कळ आहेत. फोन वाजला की आपण फोन उचलतो, इंग्रजीतही तेच क्रियापद आहे. लग्नाचा खर्च मामाने उचलला, हॉटेलचे बिल एकाने उचलले, इथेही तेच. चार महिने पुण्यात राहून मुलाने तिकडची बोलण्याची लकब उचलली, हेही इंग्रजीत 'पिक अप'नेच सांगतात; भाषा, सवय, लकब, शब्द, हे सगळे न शिकवता, सहवासाने अंगात आलेले असले पाहिजे. वर्गात बसून व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेल्या भाषेला इंग्रजी माणूस 'पिक्ड अप' सहसा म्हणत नाही, आणि आपणही 'त्याने संस्कृत उचलले' असे म्हणत नाही. ही छटा दोन्ही भाषांत सारखीच आहे, याचे मला फार नवल वाटते.

वृत्तकक्ष

मी एका दैनिकात भाषांतराचे काम करतो. आमच्याकडे 'पिक अप'चा सर्वांत जास्त संबंध गुन्हेवार्तेशी येतो. इंग्रजी बातमीत 'पिक्ड अप बाय द पोलीस' असे असते आणि नवीन उमेदवार त्याचे 'अटक केली' असे करून मोकळे होतात. ही चूक साधी नाही. बोलताना आपण 'पोलिसांनी त्याला उचलले' म्हणतो, आणि अर्थाच्या दृष्टीने तेच बिनचूक आहे, कारण उचलले म्हणजे नेले एवढेच कळते. पुढे चौकशी करून सोडून दिले की अटक दाखवली, हे त्यातून कळत नाही. अटक ही कायद्याची क्रिया आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. म्हणून चौकशीसाठी नेलेल्या माणसाला आपण छापून अटक करून टाकली, तर त्याच्या घरच्यांवर जो प्रसंग येतो तो दुरुस्तीच्या दोन ओळींनी भरून निघत नाही. आम्ही 'ताब्यात घेतले' असे छापतो. 'उचलले' हे अर्थाने जवळचे असले तरी छापील भाषेत ते धमकीसारखे वाटते.

व्याकरणप्रेमी

मूळ प्रश्नाकडे येतो आणि थोडी असहमती नोंदवतो. मुलाची चूक मराठीमुळे झाली नाही, ती क्रियापद सकर्मक की अकर्मक हे न पाहिल्यामुळे झाली, असे मी म्हणेन. 'शी पिक्ड अप द बुक' या वाक्यात कर्म आहे: काय उचलले, तर पुस्तक. 'द बिझनेस पिक्ड अप' या वाक्यात कर्म नाहीच. धंदा हा कर्ता आहे आणि तो स्वतःच वर आला आहे. मुलाने धंद्याला कर्म केले आणि 'कोणीतरी उचलला' असे वाक्य मनात तयार केले. तेव्हा अर्थांच्या यादीपेक्षा आधी एकच सवय लावावी: क्रियापदानंतर कर्म आहे का, हे पाहायचे. कर्म नसेल, तर बहुतेक वेळा अर्थ वाढणे, सुधारणे, जोर धरणे असाच निघतो. वारा, धंदा, मागणी, विक्री, प्रकृती, सामन्याचा वेग, हे सगळे कर्माशिवाय 'पिक अप' होतात.

दुसरी सवय सर्वनामाची. 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण बॅगेऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' हे वाक्य इंग्रजीत चालत नाही. आपल्या मुलांच्या लिखाणात ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण मराठीत 'उचलून घे' यातील दोन तुकड्यांच्या मध्ये असे सर्वनाम घालण्याची सोय नाही. आणि म्हणूनच मला वाटते की हे क्रियापद मराठीतून न आणता, इंग्रजी वाक्यांतूनच कानावर घालावे. भाषांतर केले की दर वेळी एक जादा दार उघडावे लागते.

जुनी वही

मी निवृत्त शिक्षक आहे, नांदेड जिल्ह्यातील. व्याकरणप्रेमी यांचा सकर्मक-अकर्मकाचा मुद्दा उत्तम आहे, तो मी आयुष्यभर शिकवला. परंतु मराठीतून न आणण्याचा सल्ला मला मान्य नाही. जादा दार म्हणता, पण ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही, त्याच्यासाठी ते एकच दार आहे.

माझे वडील निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले. आपल्याकडे १९४८ पर्यंत सरकारी शिक्षण उर्दूतून चालत असे आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर वरचे शिक्षणही त्याच भाषेतून होते. वडील इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी उर्दूत धरत आणि मग आम्हाला मराठीत सांगत. 'पिक अप'ला ते 'उठाना' म्हणत. फोन उठाना, खर्च उठाना, आणि पोलिसांनी 'उठा लिया'. आता पाहा, उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत हे अर्थ एकमेकांना न विचारता सारखे झाले आहेत. खाली पडलेली वस्तू वाकून वर घेण्याची हालचाल सगळ्या माणसांची सारखीच असते आणि भाषा तिच्यावरच पुढचे मजले चढवते. मुलाला ती हालचाल दाखवा. त्याला खडू खाली टाकायला सांगा, उचलायला सांगा, आणि मग विचारा की खर्च उचलताना हात कुठे गेला. तो स्वतःच पुढचा अर्थ सांगेल. चाळीस वर्षांत मी यादी पाठ करणारी मुले पाहिली. परीक्षेनंतर ती यादी महिनाभरही टिकत नाही.

मोंढा

जुनी वही यांनी 'उठाना' काढले म्हणून सांगतो. मी लातूरच्या मोंढ्यात आडतीचे काम करतो. ताईंच्या वाक्याला आमच्याकडे तयार शब्द आहे, तो म्हणजे 'उठाव'. सोयाबीनला उठाव आहे, तुरीला उठाव नाही, असे आम्ही रोज बोलतो. उठाव म्हणजे माल उचलला जातो आहे, गिऱ्हाईक आहे, मागणी वाढली आहे. तेव्हा 'दिवाळीनंतर धंद्याला उठाव आला' असे त्या वाक्याचे भाषांतर मी केले असते. यात उचलण्याचाच भाव आहे, पण धंदा बंद पडल्याचा घात होत नाही. भाव वाढू लागले की आम्ही 'बाजाराने उचल खाल्ली' असेही म्हणतो.

रात्रपाळी

'उचल खाल्ली' हे वाचून राहवले नाही. मी परिचारिका आहे आणि माझ्या अनुभवात हाच शब्दप्रयोग सर्वांत मोठा चकवा आहे. बाजाराने उचल खाल्ली म्हणजे चांगले झाले, पण दुखण्याने उचल खाल्ली म्हणजे वाईट झाले. जुन्या दम्याने पावसाळ्यात उचल खाल्ली, म्हणजे तो पुन्हा बळावला. इंग्रजीत मात्र 'द पेशंट इज पिकिंग अप' असे डॉक्टर म्हणाले, की रुग्ण सुधारतो आहे, त्याला तरतरी येत आहे.

एकदा रात्री दोन वाजता एका आजोबांच्या मुलाने, जो शहरात शिकलेला होता, डॉक्टरांचे इंग्रजी ऐकले आणि बाहेर बसलेल्या आपल्या आईला 'दुखण्यानं उचल खाल्ली' असे सांगितले. त्या माऊलीने भिंतीला डोके टेकले. मी आत जाऊन पुन्हा विचारून आले आणि तिला 'त्यांनी उभारी धरली आहे' असे सांगितले, तेव्हा तिने माझा हात किती तरी वेळ सोडला नाही. तेव्हापासून रुग्णाच्या बाबतीत मी 'उचल' हा शब्द वापरतच नाही. प्रकृतीला उभारी धरणे, सावरणे, अंगात जीव येणे, हेच शब्द बरे.

आणखी एक. 'ही पिक्ड अप ॲन इन्फेक्शन' हे वाक्य आमच्याकडे नेहमी येते. इथे इंग्रजीत माणूस कर्ता असतो, जणू त्याने तो संसर्ग कुठून तरी उचलून आणला. मराठीत आजार आपण उचलत नाही, तो आपल्याला होतो, लागतो किंवा जडतो. कर्ता आजार असतो. भाषांतरात वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो, हे मुलांना सांगायला हवे. व्याकरणप्रेमी सर, तुमच्या नियमाने पाहिले तर या वाक्यात कर्म आहे, आणि तरीही उचलणे चालत नाही.

व्याकरणप्रेमी

रात्रपाळीताई, मुद्दा मान्य. माझा नियम अकर्मक बाजूला चांगला चालतो, सकर्मक बाजूला तो पुरत नाही. सकर्मकात कर्म कोणते आहे, त्यावर मराठी क्रियापद बदलते: वस्तू, फोन आणि खर्च उचलतो, वेग घेतो, रेडिओ दूरचे केंद्र पकडतो, पुरस्कार पटकावतो, आजार जडतो. म्हणजे कर्म पाहायचे, आणि मग त्या कर्माला मराठीत कोणते क्रियापद शोभते ते पाहायचे. जुनी वही सरांच्या दाराला मी इतकी जागा देतो.

सरकी

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे, बारावीपर्यंत शिकलो. तुम्ही सगळे 'अप' असलेल्या शब्दावर बोलत आहात, पण 'अप' नसलेला 'पिक' आमच्या रोजच्या कामाचा आहे. इंग्रजीत 'पिक कॉटन' म्हणजे कापूस वेचणे, म्हणजे बोंडातून काढणे. 'पिक अप द कॉटन' म्हणजे वेचून ठेवलेला कापूस उचलणे किंवा गाडी घेऊन जाऊन तो आणणे. माझी मुलगी निबंधात 'वुमेन पिक अप कॉटन इन अवर फील्ड' असे लिहून घेऊन आली, तेव्हा मला हा फरक तिच्या शिक्षकांनी समजावला, आणि मी तिला शेतात नेऊन दाखवला: बोंडाशी बाईचा हात आहे तो 'पिक', आणि धुऱ्यावर गाठोडे डोक्यावर घेतले तो 'पिक अप'.

फुलांचेही तसेच दिसते. झाडावरून तोडले तर 'पिक', खाली पडलेले घेतले तर 'पिक अप'. आपल्याकडे यासाठी शब्दच वेगळे आहेत. गुलाब आपण तोडतो किंवा खुडतो, पण पारिजातकाची फुले वेचतो. मात्र घोळ असा आहे की आपले 'वेचणे' बोंडातल्या कापसालाही चालते आणि जमिनीवर पडलेल्या फुलांनाही. काढणीनंतर रानात राहिलेली कणसे बाया गोळा करतात, तो सरवाही वेचायचाच असतो, आणि इंग्रजीच्या हिशेबाने तो 'पिक अप' झाला. म्हणजे इंग्रजी जिथे दोन करते तिथे आम्ही एक करतो, आणि कधी आम्ही दोन करतो तिथे ते एक.

गोदाकाठ

सरकी यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'अप' नसलेल्या 'पिक'चा आणखी एक अर्थ निवडणे हा आहे, आणि तो विसरला की शहरातही चूक होते. आपल्याकडे किती तरी शिकलेली माणसे 'आय विल पिक यू ॲट द स्टेशन' असे लिहितात. त्यांना म्हणायचे असते की मी तुला घ्यायला येईन, पण लिहिले जाते ते 'मी तुला स्टेशनवर निवडीन'. घ्यायला जायचे असेल तर 'अप' हवाच.

गॅरेज रोड

नमस्कार. मी लातूरला दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो. आमच्या धंद्यात 'पिकअप' हा आता पूर्ण मराठी शब्द आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणते की गाडी पिकअप घेत नाही, आणि मला लगेच कळते की मूठ पिळली तरी गाडी वेग धरत नाही. मग मी आधी एअर फिल्टर पाहतो, कारण आपल्या भागातल्या धुळीने तो लवकर भरतो. नंतर क्लच प्लेट घसरते का ते, आणि जुनी गाडी असेल तर कार्ब्युरेटर. माझा प्रश्न असा आहे की हा 'पिकअप' इंग्रजांचाच, की आपण तयार केला?

दूरदेशी

गॅरेज रोड यांना उत्तर देतो. मी मूळचा नांदेडचा, गेली काही वर्षे अमेरिकेत राहतो. गाडीच्या वेग धरण्याच्या शक्तीला 'पिकअप' म्हणणे हे इंग्रजीच आहे. शब्दकोश तो अर्थ अमेरिकेच्या नावावर नोंदवतात. मात्र आज इथेही बहुतेक लोक त्यासाठी 'ॲक्सिलरेशन' म्हणतात, आणि नुसते 'पिकअप' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मागे उघडा हौदा असलेली गाडी येते. तोच अर्थ आपल्याकडे बोलेरो पिकअपने घरोघरी नेला. मोसंबी आणि कांदा बाजारात नेणारी गाडी म्हणजे पिकअप, आणि त्याहून लहान असेल तर छोटा हत्ती.

इथे आल्यावर मी एका शब्दाने फार गोंधळलो होतो. ज्या घरात खोली घेतली होती तिथल्या बाई एकदा सौम्यपणे म्हणाल्या, 'प्लीज पिक अप युअर रूम.' मी दारात उभा राहून विचार करत होतो की खोली कशी उचलायची, आणि मला वाटले की त्या मला बिऱ्हाड उचलायला सांगत आहेत. मी खरोखर बॅग भरायला घेतली. नंतर कळले की अमेरिकेत 'खोली पिक अप कर' म्हणजे पसारा आवर. जमिनीवर पडलेले कपडे आणि पुस्तके उचलली की खोली आवरली जाते, त्यावरून तो अर्थ आला. ताई, तुमच्या विद्यार्थ्याची आणि माझी चूक एकाच जातीची आहे, म्हणून त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

वृत्तकक्ष

ज्येष्ठ वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. माणसाला 'पिक अप' करण्याचे दोन अर्थ आहेत. ओळखीच्या माणसाला स्थानकावरून घेऊन येणे हा एक, आणि तो निर्मळ आहे. दुसऱ्या अर्थात अनोळखी व्यक्तीशी सलगीच्या हेतूने ओळख काढणे येते. मुलींना नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी लिहावे लागते, तेव्हा संदर्भ स्पष्ट करून 'फ्रॉम द ऑफिस', 'फ्रॉम द बस स्टँड' असे स्थळ जोडायला शिकवावे.

गॅरेज रोड

दूरदेशी यांचे आभार. बस स्टँडचा उल्लेख झाला म्हणून आठवले: आमच्या गावच्या फाट्यावर जो एसटीचा निवारा आहे, त्याला सगळे 'पिकअप शेड' म्हणतात. आज पहिल्यांदा त्याचा अर्थ डोक्यात उजेडासारखा पडला. एसटी जिथून माणसे घेते ती शेड.

शिरूर-पाटोदा

मी इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. मी शिरूर कासार भागातला आहे आणि माझे आईवडील ऊसतोडीला जात. ताईंच्या मूळ वाक्याबद्दल मला वेगळे सांगायचे आहे.

आमच्याकडे 'उचल' या शब्दाचा पहिला अर्थ पैसे हा आहे. मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे जी रक्कम देतो ती उचल; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की पुढचे सहा महिने त्या रकमेने बांधलेले असतात आणि ऊस तोडून ती फेडायची असते. उचल फिटली की नाही, यावर घरचे वर्ष ठरते. मी कॉलेजमध्ये असताना शिष्यवृत्तीच्या इंग्रजी अर्जात 'माय फादर टुक पिकअप फ्रॉम द मुकादम' असे लिहिले होते. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ वडिलांनी मुकादमाकडून गाडी घेतली असा केला आणि उत्पन्नाविषयी उलटे प्रश्न विचारले. तिथे 'ॲडव्हान्स' लिहायला हवे होते. म्हणजे 'पिक अप'पासून 'उचल'कडे येणारा रस्ता आहे, पण 'उचल'पासून 'पिक अप'कडे परत जाणारा नाही, आणि माझ्या मते मुलांना हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे.

आता तुमचे वाक्य. 'दिवाळीनंतर धंदा उचलला.' ताई, दिवाळीच्या आगेमागे आमच्या वाड्यावस्त्यांतून काय उचलले जाते, ते तुम्हाला माहीत आहे. बिऱ्हाड उचलले जाते. गाड्या भरतात, भांडी आणि कोयते चढतात, घरांना कुलपे लागतात आणि म्हातारी माणसे ओट्यावर उरतात. ज्या मुलाने आठ वर्षे दर दिवाळीला हे पाहिले असेल, त्याच्यापुढे 'दिवाळी' आणि 'पिक अप' एका वाक्यात आले तर तो दुसरे काय लिहील? तुमचा विद्यार्थी कोणाचा आहे हे मला माहीत नाही. पण चुकीच्या खुणेआधी एकदा विचारून पाहावे असे वाटले.

जुनी वही

शिरूर-पाटोदा, तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. दिवाळीचे ते वाक्य ज्या वर्गासाठी निवडले जाते, त्या वर्गातील मुलांची दिवाळी कशी असते हे शिक्षकाने पाहिलेच पाहिजे. मी स्वतःही अशी वाक्ये बेसावधपणे फळ्यावर लिहिली आहेत.

मोंढा

माझा 'उठाव' मी मागे घेत नाही, पण त्या मुलाला तो शब्द माहीत असेलच असे नाही, हे आता कळले. तो मोंढ्याचा शब्द आहे.

गोदाकाठ

एक राहून गेलेला अर्थ नोंदवतो, कारण तो वर्गात रोज लागतो. काल जिथे सोडले तिथून आज पुढे सुरू करणे यालाही इंग्रजीत 'पिक अप' म्हणतात. गावात सप्ताह चालतो तेव्हा कथा सांगणारे महाराज 'काल आपण इथवर आलो होतो' म्हणून पुढचा धागा धरतात, तसेच. मराठीत इथे उचलणे अजिबात बसत नाही. धागा धरणे हेच चपखल आहे. आणि 'पिक अप ऑन' असे झाले की अर्थ पुन्हा बदलतो: न सांगितलेली गोष्ट नेमकी लक्षात येणे. आईने मुलाचा उतरलेला चेहरा टिपला, असे आपण म्हणू. पाखरू दाणा टिपते, तसे ते टिपणे.

व्याकरणप्रेमी

गोदाकाठ, 'टिपणे' फारच सुंदर सुचवलेत. पाखराने चोचीने दाणा घेणे हा 'पिक'च्याही जुन्या अर्थांपैकी एक आहे. मी उद्या वर्गात हेच उदाहरण देणार आहे, मराठीतून.

बालाघाटची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

शिरूर-पाटोदा, तुमचा अंदाज खरा होता. मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत विचारले. त्याचे आईवडील या वर्षीही तोडीला गेले आहेत आणि तो गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतो. 'बाई, दिवाळीनंतर सगळं उचलूनच नेत्यात की,' असे तो म्हणाला. मी त्याच्या वहीतली खूण खोडली, शेजारी तारीख घातली आणि त्याचे वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे, इंग्रजी वाक्य मात्र वेगळे काही सांगते, असे त्याला समजावले.

मग वर्गात मी यादी दिली नाही. जुनी वही सरांनी सांगितल्याप्रमाणे खडू खाली टाकून सुरुवात केली. सरकी दादांचा कापूस आणि पारिजातक मुलांना इतका आवडला, की 'पिक' आणि 'पिक अप' यांतला फरक पुन्हा समजावावा लागला नाही. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली निंबोळ्या पडलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी पाने वेचली आणि डहाळीवरून तोडली. दुसऱ्या दिवशी व्याकरणप्रेमी सरांची 'कर्म आहे का' ही कसोटी घेतली. रात्रपाळीताईंची गोष्ट सांगितली तेव्हा मुली गप्प झाल्या, आणि 'उभारी धरणे' हा शब्द चौघींनी आपल्या वाक्यांत वापरला. दूरदेशी दादांची शाबासकी मी पोहोचवली. अमेरिकेत जाऊनही माणूस बॅग भरायला लागतो, हे ऐकून त्याला फार बरे वाटले.

शेवटी प्रत्येकाला स्वतःचे एक वाक्य लिहायला सांगितले. त्या मुलाने लिहिले: 'माय मदर विल पिक मी अप इन एप्रिल.'

व्याकरणप्रेमी

सर्वनाम अगदी मध्ये, जिथे हवे तिथेच आहे. ताई, त्याला पैकीच्या पैकी गुण द्या.

शिरूर-पाटोदा

कारखाने या वर्षी लवकर बंद झाले, तर मार्चमध्येही येतील, असे त्याला सांगा.